अंगठा, वजनकाटा आणि मजुरी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्यासपीठावर विद्वानांनी बसावे आणि इतरांनी ऐकावे, अशीच कल्पना सर्वांच्या मनात असणार. आम्ही चौथीनंतर शाळा सोडलेले. आमचे वडील गवताच्या वखारीत हमाली करीत आणि पाठीवर किती भार आहे हे त्यांना काट्याशिवाय कळे. तो भार कागदावर किती लिहिला गेला हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही. अशा माणसाच्या मुलास आपण येथे बोलाविलेत, याबद्दल आभार मानून विषयास हात घालतो.

विषय असा की, लिहिता-वाचता येणे आणि हिशेब करता येणे यांचा माणसाच्या रोजगाराशी काय संबंध आहे? वरवर पाहता उत्तर सोपे आहे. शिकला तो नोकरीला लागला, न शिकला तो मोलमजुरीला गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अर्धेच खरे आहे असे दिसते. उरलेले अर्धे काय, ते सांगण्याचा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम प्रदेश ध्यानात घेऊ. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्याने चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी ही वाड्यांची आणि कोळ्यांची गावे. पूर्वेस डोंगर, जंगल आणि पाडे. तलासरी तालुक्यात दहा माणसांत नऊ माणसे आदिवासी, मुख्यतः वारली. पूर्वी तलासरीची बाजू ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होती. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. रेल्वे आली ती किनाऱ्याने. जंगलातले लाकूड आणि माळावरचे गवत तिने मुंबईस नेले. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी इकडचे गवत खात आणि मुंबई त्यांचे दूध पिई. त्या दुधाचा हिशेब कोठेतरी लिहिला जात होता, गवताचाही लिहिला जात होता. गवत कापणाऱ्यास मात्र दोन्ही वह्या सारख्याच काळ्या होत्या.

या लोकांची अवस्था काय होती, हे सांगण्यास आमच्यासारख्या चळवळ्याची साक्ष नको. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. वेठ, सावकारी आणि लग्नगडी या पद्धतींचे वर्णन त्या सरकारी कागदांतच आहे. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून काही रुपये घेऊन त्या बदल्यात वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबणारा गडी. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. कर्ज किती, फिटले किती, उरले किती, हे सांगणारा एकच. आणि तोच धनको.

खावटीचेही तसेच. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा सावकाराकडून भात घ्यावयाचे आणि पीक आले की दिढीने फेडावयाचे. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी कोष्टके घोकली असतील. आपल्याला ती परीक्षेपुरती होती. वारल्यास दिडकी हे आयुष्य होते. दोन मण भात नेले, तर पीक आल्यावर तीन मण द्यावयाचे. ते न फिटले तर पुढील साली साडेचार, आणि तिसऱ्या साली पावणेसात. दोन मणांचे पावणेसात मण तीन पावसाळ्यांत होतात. ही आकडेमोड मनात करता येणारा माणूस निदान दुसऱ्या वर्षी दचकतो आणि काही विकून तरी मोकळा होतो. न येणारा अंगठा देतो. अंगठ्याखालचा कागद कोरा आहे की भरलेला, हे त्याने पाहूनही उपयोग नसतो.

असे म्हणताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरक्षर माणसास गणित येत नाही, हे साफ खोटे आहे. आमच्या वडिलांना भाताच्या राशीकडे पाहून किती पायली निघेल हे सांगता येई. पाड्यावरची म्हातारी टोपलीतली अंडी बघता बघता मोजते. उणीव होती ती बुद्धीची नव्हे. आपले तोंडी गणित आणि मालकाचे कागदी गणित यांची गाठ घालून देणारा पूल नव्हता, ही खरी उणीव. साक्षरता म्हणजे हा पूल.

आता १९४५ सालाकडे येऊ. त्या वर्षाच्या आरंभी टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली आणि तेथे या भागातील काही वारली गेले. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतावर पाऊल टाकावयाचे नाही, असे ठरले. या चळवळीच्या अग्रभागी शामराव आणि गोदावरी परुळेकर होते.

गोदावरीबाईंविषयी एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. त्या मूळच्या भारत सेवक समाजाच्या. या संस्थेने ज्यांना आजीव सदस्य करून घेतले त्यांतील त्या पहिल्या स्त्री होत्या. १९३७ नंतरच्या काळात त्या मुंबईत प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत होत्या. म्हणजे ज्या बाईने आधी प्रौढांना अक्षरे शिकविण्याचे काम केले, तीच पुढे वारल्यांना मजुरी मागण्यास शिकवू लागली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आम्हांस वाटते, त्यांच्या आयुष्याचा हा क्रम विचार करण्याजोगा आहे. अक्षराकडून त्या संघटनेकडे गेल्या, आणि पहिली लढाई संघटनेने जिंकली, अक्षराने नव्हे. झरीच्या परिषदेस आलेल्यांपैकी फारच थोड्यांना सही करता येत असेल. तरीही वेठ बंद पडली.

मात्र नीट पाहिले तर त्या लढ्यातही गणित होतेच. गवत कापण्याची मागणी होती पाचशे रत्तलांस अडीच रुपये. अडीच रुपयांचे आणे चाळीस. पाचशे रत्तलांस चाळीस आणे, म्हणजे साडेबारा रत्तलांस एक आणा. आणि बारा आणे पदरात पडण्यास दीडशे रत्तल गवत कापावयास हवे. ही मागणी ज्यांनी बांधली त्यांनी माणसाचा दिवस आणि गवताचा भार यांचे त्रैराशिक मांडले होते. आणि ज्या दिवशी दर भारावर ठरला, त्या दिवशी वजनकाटा हे भांडणाचे मुख्य स्थान झाले. दर मालकाने वाढवावयाचा आणि काटाही मालकानेच धरावयाचा असेल, तर वाढलेला दर काट्याच्या पारड्यातून गळून जाण्यास वेळ लागत नाही.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला. बाईंच्या जिवाला धोका आहे, धावून या, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला होता. हजारो लोक काठ्याकोयते घेऊन जमले. पोलिसांनी गोळ्या चालविल्या आणि पाच माणसे मेली. जेठ्या गांगड हे त्यांतील पहिले. निरोप तोंडी होता. खरा कोणता आणि खोटा कोणता हे पडताळण्यास गावात चिठ्ठी नव्हती, आणि चिठ्ठी असती तर वाचणारा नव्हता. साक्षरतेचा प्रश्न पगाराचा तर आहेच, पण तो जिवाचाही होऊ शकतो, हे तलवाड्याने दाखविले. लोक मागे मात्र हटले नाहीत. १९४६ साली जंगलकामासाठी पुन्हा संप झाला आणि दिवसाला सव्वा रुपया ही मजुरी मिळविली गेली.

त्याच १९४५ सालात, डिसेंबरमध्ये, बोर्डीस दुसरी एक घटना घडली. तिच्यात गोळी नव्हती आणि घोषणाही नव्हती. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी गाव शिक्षणाच्या बाबतीत आधीच जागे होते. तेथील हायस्कूल १९२० सालचे, आणि आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षक त्यास लाभलेला. पण पाड्यावरचे मूल हायस्कुलापर्यंत येतच नव्हते. ते गुरांमागे असे, किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी असे.

ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे का जात नाही? बालवाडी अंगणात गेली तेव्हा तिची अंगणवाडी झाली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. तिला कुरणशाळा म्हणत. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करणारी विकासवाडी उभी राहिली. मोठी बहीण शाळेत यावयाची तर कडेवरचे मूलही आले पाहिजे, हे त्यामागचे साधे तत्त्व. मोजण्यासाठी खडे, बिया, पाने. पाटीपेन्सिलीवाचून अडत नसे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत टेकडी सोडली नाही. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा अंगणवाडी हे नाव साऱ्या देशाने उचलले. आज देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात उच्चारला जाणारा हा शब्द आपल्या तालुक्याच्या अंगणातून गेला आहे.

रोजगाराच्या दृष्टीने या कामाचा परिणाम काय झाला? पहिला परिणाम असा की, स्थानिक मुलींना बालसेविका म्हणून शिक्षण मिळाले आणि काही घरांत महिन्याच्या ठरल्या तारखेला रोख रक्कम येऊ लागली. पाड्यावरच्या बाईच्या हाती नियमित पैसा येणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे आश्रमशाळा आल्या, निरनिराळ्या मतांच्या संस्थांनी तलासरीस वसतिगृहे काढली, आणि आज तर गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आहे. शिक्षक, तलाठी, वनरक्षक, परिचारिका अशी माणसे या घरांतून निघाली.

पण येथेही इतिहासाची दुसरी बाजू आहे. अंगणवाडीची बाई लिहिते-वाचते, दहा-पंधरा नोंदवह्या भरते, पोरांची वजने घेते, तक्ते मांडते. आणि तिला मिळते त्यास पगार न म्हणता मानधन म्हणतात. या बायकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितले. योजना सुरू झाल्यास तेव्हा शेहेचाळीस वर्षे होऊन गेली होती. अक्षर आले म्हणजे योग्य दाम आपोआप येतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मधल्या काळात आणखी एक उलथापालथ झाली, तिचा उल्लेख इतिहासात फारसा आढळत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आणे जाऊन नवे पैसे आले, आणि पुढच्या वर्षापासून शेर-रत्तल जाऊन किलो येऊ लागले. सुधारणा चांगली होती, याबद्दल वाद नाही. पण सोळाचा हिशेब ज्यांनी जन्मभर तोंडी केला, त्यांच्या हातचे हत्यारच गळून पडले. एका आण्याचे पैसे होतात सव्वासहा. हातात पडत सहा. दोन आण्यांचे साडेबारा, मिळत बारा. रोज दोन आणे घेणाऱ्याचा पूर्वी आठ दिवसांनी रुपया भरे. आता शहाण्णव पैसे भरू लागले. चार पैसे कोठे गेले, हे विचारावयाचे तर सोळाचा आणि शंभराचा मेळ घालता आला पाहिजे. पाचशे रत्तल म्हणजे सुमारे दोनशे सत्तावीस किलो, हेही ज्यास ठाऊक नाही त्याने जुना दर नव्या काट्यावर कसा मागावा? ज्यांना पाटीवर गणित येत होते ते महिन्याभरात रुळले. बाकीचे दुकानदाराच्या आणि मुकादमाच्या प्रामाणिकपणावर राहिले.

आता आमच्या स्वतःच्या फजितीची कथा सांगतो, कारण दुसऱ्याच्या अज्ञानावर बोलणे सोपे असते.

१९९२ चा पावसाळा. आम्ही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होतो आणि एका छोट्या कारखान्यात संघटनेचे काम नुकतेच सुरू केले होते. डहाणूस रबरी फुग्यांचे छोटे कारखाने बरेच, हे आपण जाणता. तेथे फुगे मोजून भरण्याचे काम बायका करीत. दर होता एका ग्रोसला, म्हणजे बारा डझनांना, एकशे चव्वेचाळीस फुग्यांना, एक रुपया. दिवसाकाठी वीस ग्रोस भरले तर वीस रुपये. आम्ही दरवाढ मागितली, अकरा दिवस काम बंद राहिले आणि मालकाने बोलावणे धाडले. दहा टक्के वाढ मान्य. रुपयाचा एक रुपया दहा पैसे. फक्त मोजण्याच्या सोयीसाठी यापुढे ग्रोसऐवजी थैलीवर दर राहील, आणि एका थैलीत फुगे एकशे साठ. आम्ही कागद वाचला. प्रत्येक अक्षर वाचले. ऐटीत सही केली. त्या संध्याकाळी गुलाल उधळला गेला.

आठवडा झाला आणि एक बाई आमच्याकडे आली. तिला वाचता येत नव्हते. ती म्हणाली, “दादा, हात तेवढाच चालतो, पण पैसे कमी येतात.” आम्ही तिला समजावू लागलो की दर वाढला आहे, कमी कसे येतील? ती वादात पडली नाही. तिने अठरा थैल्या जमिनीवर ओतल्या आणि बारा-बाराचे ढीग करीत बसली. बाकीच्या बायकाही हात लावू लागल्या. बारा ढिगांचा एक ग्रोस असे मांडत गेल्या आणि शेवटी वीस ग्रोस झाले; एक फुगा कमी नाही, एक जास्त नाही. अठरा थैल्यांचे पैसे एकोणीस रुपये ऐंशी पैसे. पूर्वी त्याच कामाचे वीस रुपये मिळत होते. अकरा दिवस उपाशी राहून, गुलाल उधळून, आम्ही रोजची मजुरी वीस पैशांनी कमी करून घेतली होती.

मालकाकडे गेलो. त्यांनी शांतपणे कागद काढून आमची सही दाखविली. अंगठा नव्हता, सही होती. पुढचा करार होईपर्यंत चौदा महिने गेले, आणि ते चौदा महिने त्या बायकांनी आम्हांस एका शब्दाने दुखविले नाही, याचे शल्य अजून जात नाही. त्यानंतर आम्ही स्टेशनजवळ राहणाऱ्या एका निवृत्त कारकुनाकडे वर्षभर संध्याकाळी जाऊन बसलो. अपूर्णांक, शेकडेवारी, सरासरी शिकलो. त्या वयात चौथीच्या पुढचे गणित शिकताना लाज वाटे. पण आधीच्या लाजेपुढे ही काहीच नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या ध्यानी आले की अक्षर आणि अंक या दोन वेगळ्या विद्या आहेत. वाचता येते म्हणून हिशेब येतो असे नाही. आणि हिशेबाची समज असूनही तो कागदावर मांडता न आल्याने माणूस फसतो. त्या बाईकडे समज होती, आमच्याकडे अक्षर होते, दोघांची गाठ सही होण्याच्या आधी पडली नाही. सही करण्यापूर्वी आम्ही त्या बायकांना विचारले असते तर? हा प्रश्न संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने रोज स्वतःस विचारावा.

आजची स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांवर मर्यादा आली. झाडे व हवा वाचली, हे मोलाचे आहे. परंतु कारखान्यातील काम हवे असलेला तरुण त्यामुळे सकाळी जीप किंवा गाडी पकडून बोईसर-तारापूरला, उंबरगावला, वापीला जाऊ लागला. तलासरीचा मुलगा घरी वारली बोलतो, शाळेत मराठी शिकतो, आणि सीमेपलीकडच्या कारखान्यात त्याला फलक दिसतो गुजरातीत व पगाराची चिठ्ठी इंग्रजीत. आमच्याकडे दहावी झालेली मुले चिठ्ठी घेऊन येतात आणि विचारतात, “हे वजा काय झाले?” भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पण तो भरला गेला की नाही हे मोबाइलवर पाहता येते, याची त्यांना कल्पना नसते. ठेकेदार बदलला की जुने पैसे विसरले जातात. दहावीच्या प्रमाणपत्राने त्यांना फाटकाच्या आत नेले. आत गेल्यावर लागणारी विद्या कोणी दिली नाही.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचे तर जुनेच चालू आहे. पावसाळ्यात उचल घ्यावयाची, आठवड्याला खर्ची घ्यावयाची, आणि मोसम संपला की हजार विटांच्या दराने हिशेब. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. पण किती विटा पाडल्या, तुटफुटीच्या नावाखाली किती वजा झाल्या, आणि उचल किती उरली, हे ज्याच्या एकट्याच्याच वहीत आहे, त्याच्या मुठीत कुटुंब राहणारच. ज्या कुटुंबातील एखादी मुलगी रोज रात्री आपल्या वहीत रेघा मारून ठेवते, त्या कुटुंबाचा हिशेब वेगळा होतो, हे आम्ही पाहिले आहे. मालकाला ती वही दिसली एवढ्यानेही आकडा सुधारतो.

बाहेरच्या जगाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. युनेस्कोने १९६७ ते १९७३ या काळात अकरा देशांत कामाशी जोडलेल्या साक्षरतेचा मोठा प्रयोग केला. शेतकऱ्यास शेतीचे आणि कामगारास यंत्राचे वाचन शिकवावे, उत्पन्न वाढेल, असा विचार त्यामागे होता. प्रयोगाचे फळ संमिश्र निघाले, आणि नुसती अक्षरे व कसब पुरत नाहीत, भोवतालची समाजव्यवस्थाही हलावी लागते, हे ध्यानात आले. अलीकडे प्रगत देशांनी प्रौढांच्या वाचनाची आणि अंकज्ञानाची पाहणी केली, तीत ज्यांचे अंकज्ञान चांगले त्यांना काम आणि मजुरी दोन्ही अधिक मिळतात असे आढळले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. विद्येने माणसाची किंमत वाढते. पण वाढलेली किंमत वसूल करण्यास आणखी काही लागते.

आपल्याच मुंबईत नारायण मल्हार जोशी यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणीकामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली. आणि १९२० साली आयटक स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांतही तेच होते. रात्रीची शाळा आणि युनियन ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. पुढे आम्ही ती वेगळी केली. शाळा सरकारकडे दिली, युनियन आम्ही घेतली, आणि मधल्या फटीत कामगार पडला.

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात शंभरांत सुमारे ब्याऐंशी माणसे साक्षर नोंदली गेली. डहाणू आणि तलासरी त्या मानाने पुष्कळच मागे राहिले. पण शिरगणतीच्या लेखी साक्षर कोण? समजून लिहिता-वाचता येणारा. थैलीचा करार वाचून सही करणारे आम्हीही त्या व्याख्येत साक्षरच होतो. म्हणून आकडा वाढल्याने समाधान मानू नये. आमच्या मते कामकऱ्याची साक्षरता चार गोष्टींवर तपासावी. हजेरीपटावर आपले नाव आणि दिवस वाचता येतात काय? काट्यावरचा आकडा वाचून दराने गुणता येतो काय? पगाराच्या चिठ्ठीतील कपात समजते काय? आणि चौथी, ती सर्वांत अवघड: चूक दिसली तर “हे चुकले आहे” असे मालकासमोर म्हणता येते काय? पहिल्या तीन शाळा शिकवील. चौथी शाळेत शिकविता येत नाही. ती दहा माणसे बरोबर उभी राहिली तरच येते. १९४५ च्या वारल्यांना चौथी येत होती आणि पहिल्या तीन येत नव्हत्या. आजच्या पुष्कळ मुलांना पहिल्या तीन थोड्याफार येतात आणि चौथी येत नाही. दोन पिढ्यांनी अर्धे अर्धे मिळविले. आता ते एकत्र करण्याचे काम उरले आहे.

आपण नगरवासी येथे जमला आहात. आपल्यांत शिक्षक आहेत, बँकेत काम केलेले आहेत, दुकानदार, वाडीवाले आणि छोटे कारखानदारही आहेत. आमचे मागणे मोठे नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी आणि स्टेशनवरून परतणाऱ्या मुलामुलींना त्यांची स्वतःचीच पगाराची चिठ्ठी वाचावयास शिकवावी. पाठ्यपुस्तकाची गरज नाही. जे मजूर लावतात त्यांनी मराठीत चिठ्ठी द्यावी आणि काटा मजुराकडे तोंड करून ठेवावा. एवढ्याने क्रांती होणार नाही, हे आम्हांस कळते. परंतु ज्या निवृत्त कारकुनाने आम्हांस शेकडेवारी शिकविली त्यानेही क्रांती केली नव्हती. त्याने फक्त एका माणसाला पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी थांबण्यास शिकविले. आणि तो करार झाला तेव्हा त्यात थैलीही होती आणि ग्रोसही होता, आणि सही होण्याआधी त्याच बाईने जमिनीवर ढीग मांडून तो तपासला होता.